नदी सामाईक, तर हिशेबही लेखी हवा
लासलगावच्या व्यापाऱ्याने पाणीवाटपाचे करार का समजून घ्यावेत?

लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव कशाने ठरतो, असे विचारले तर कोणी आवक म्हणतो, कोणी निर्यात, तर कोणी दिल्लीहून निघणारा हुकूम. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. परंतु आवक ठरते ती पाण्यावर, आणि आपल्या भागातले पाणी ज्या नदीचे आहे ती नदी एकट्या नाशिक जिल्ह्याची नाही, एकट्या महाराष्ट्राचीही नाही. ही गोष्ट शेतकऱ्याला ठाऊक असते. आडत्या, निर्यातदार, बारदानवाला, वाहनमालक, हमाल-मापारी, वेल्डिंग-फॅब्रिकेशनचे कारागीर यांना ती बहुधा दुष्काळाच्या वर्षीच आठवते. म्हणून सामाईक नद्यांचे पाणी राज्ये आणि देश आपसांत कसे वाटून घेतात, त्यातले कोणते करार टिकले व कोणते अडखळले, आणि त्याचा आपल्या रोजमेळाशी काय संबंध आहे, हे आम्ही येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

प्रथम दोन मापे ध्यानात घ्यावीत. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. लिटरमध्ये ते सुमारे २,८३१ कोटी होते. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर. पहिले माप साठ्याचे आहे, दुसरे वाहत्या पाण्याचे. सुमारे साडेअकरा हजार क्युसेक पाणी एक पूर्ण दिवस वाहिले की एक टीएमसी भरते.

आपल्या दारची नदी

गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. आपल्या निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर येथे तिला कादवा मिळते. तेथल्या बंधाऱ्यावरून गोदावरीचे कालवे निघतात. लासलगाव-विंचूरसह सोळा गावांची पिण्याच्या पाण्याची योजनाही त्याच पाण्यावर चालते. तेथूनच एक जलद कालवा वैजापूर-गंगापूरकडे जातो. कादवेवरील पालखेड धरणाचा डावा कालवा येवल्याला पाणी देतो, आणि मनमाडचे शहरसुद्धा त्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसलेले असते. येवल्याचा पैठणी विणणारा कारागीर आणि मनमाडचा दुकानदार हे अशा रीतीने एकाच पाटाचे भागीदार आहेत.

वर नाशिकमध्ये गंगापूर, दारणा, मुकणे, करंजवण ही धरणे आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीचे अहमदनगर) प्रवरा आणि मुळा या उपनद्यांवर धरणे आहेत. या सर्वांच्या खाली पैठणचे जायकवाडी धरण आहे. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी असून त्यांपैकी सुमारे ७६ टीएमसी साठा उपयुक्त मानला जातो. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व जालना या शहरांचे पिण्याचे पाणी, वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतींचे कारखाने आणि मराठवाड्यातील मोठे सिंचनक्षेत्र जायकवाडीवर अवलंबून आहे.

वरचे आणि खालचे

पाऊस चांगला झाला की वरची धरणे भरतात, उरलेले पाणी आपोआप खाली जाते आणि कोणी कोणाला विचारत नाही. तंटा उभा राहतो तो अपुऱ्या पावसाच्या वर्षी. वरच्यांनी धरणे भरून घेतली आणि खालचे धरण रिकामे राहिले, तर काय करावयाचे?

याचे उत्तर राज्याने २००५ च्या कायद्यात दिले. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण या कायद्याने स्थापन झाले. त्याच्या कलम १२ (६) (ग) चा आशय असा की, टंचाईच्या काळात एका खोऱ्यातील सर्वांनी तूट न्याय्य प्रमाणात वाटून घ्यावी. मात्र 'न्याय्य प्रमाण' म्हणजे किती, हे कायद्यात नव्हते. त्यामुळे काही वर्षे मोर्चे आणि कोर्टकचेऱ्यांत गेली. २०१३ मध्ये मेंढेगिरी अभ्यासगटाने आपला अहवाल दिला. त्यात एक तारीख आणि एक आकडा ठरवला गेला : १५ ऑक्टोबर रोजी, खरिपाचा वापर जमेस धरून, जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांनी ठरल्या तक्त्याप्रमाणे पाणी सोडावे. प्राधिकरणाने २०१४ मध्ये ही पद्धत स्वीकारली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. २०१५, २०१८ आणि २०२३ या वर्षी याप्रमाणे पाणी सोडण्याचे आदेश निघाले. २०२३ चा आदेश सुमारे ८.६ टीएमसीचा होता. त्याच वर्षी हे आकडे नव्याने तपासण्यासाठी समितीही नेमण्यात आली.

दोन्ही बाजूंचे गाऱ्हाणे ऐकले तर दोघांचेही काही अंशी खरे वाटते. नाशिक-नगरचा शेतकरी म्हणतो, कोरड्या पात्रातून पाणी सोडले की बरेच वाटेत जिरते, आणि त्या दिवसांत नदीकाठच्या पंपांची वीज तोडली जाते, बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या जातात. मराठवाड्याचा शेतकरी म्हणतो, खालचे धरण कागदावर मोठे, परंतु वर एकामागून एक धरणे झाल्यावर त्यात पाणी यावे कोठून? उसाखालचे क्षेत्र वरही आहे आणि खालीही आहे. त्यामुळे त्याबद्दल एकानेच दुसऱ्याला बोल लावणे योग्य नाही.

व्यापाऱ्याने यातून एवढे टिपून ठेवावे की ही सोडवणूक बहुधा नोव्हेंबरच्या सुमारास होते, आणि उन्हाळ कांद्याची लागवड त्याच्या पाठोपाठ चालते. पाटाचे एखादे आवर्तन कमी झाले तर लागवड घटते किंवा पोसवण कमी राहते. चाळीत साठवण्याजोगा माल मग एप्रिल-मेमध्ये कमी येतो. म्हणजे १५ ऑक्टोबरचा जायकवाडीचा आकडा हा पुढच्या उन्हाळ्याच्या आवकेचा एक आगाऊ इशारा आहे. भांडवल कोठे गुंतवावयाचे, बारदान किती भरावयाचे, हे ठरवताना तो अवश्य पाहावा.

मदिन्यातील एक निवाडा

वरच्या आणि खालच्या शेताचा तंटा नवा नाही. सहीह बुखारीत एक प्रसंग आला आहे. मदिन्याजवळ हर्रा येथील पाटाच्या पाण्यावरून हजरत जुबैर (रजि.) आणि एक अन्सारी यांच्यात वाद झाला. हजरत जुबैर यांची खजुराची बाग वरच्या अंगाला होती. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी प्रथम तडजोडीचा मार्ग सुचवला : जुबैर यांनी आपले झाड भिजवावे आणि मग पाणी शेजाऱ्याकडे सोडून द्यावे. अन्साऱ्याने हा निवाडा नात्यामुळे दिल्याचा आरोप केला. तेव्हा पैगंबरांनी वरच्या शेतकऱ्याला त्याचा पुरता हक्क दिला : पाणी बागेच्या बांधापर्यंत चढू द्यावे आणि त्यानंतर सोडावे. धर्मशास्त्राच्या जाणकारांनी ही मर्यादा घोट्यापर्यंतच्या पाण्याची मानली.

या निवाड्यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. वरच्याचा हक्क पहिला आहे, परंतु तो अमर्याद नाही. त्याला एक माप आहे आणि ते भरले की पाणी अडवण्याचा अधिकार संपतो. दुसरे असे की, तडजोडीत खालच्याला अधिक मिळत होते, हक्काच्या भाषेत कमी मिळाले. आपसांत समजुतीने मिटवणे बहुधा लहान भागीदाराच्याच फायद्याचे असते. पुढे इस्लामी कायद्यात पाटाच्या पाण्याच्या हक्काचे आणि माणसा-जनावरांनी पिण्याच्या पाण्याच्या हक्काचे नियम वेगवेगळे मांडले गेले, आणि पिण्याचा हक्क वरचढ ठरला. आपल्या राज्याच्या धोरणातही पिण्याच्या पाण्याचा क्रम पहिला आहे.

बाभळीचे दरवाजे

गोदावरीच्या पाण्यासाठी १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमण्यात आला. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, मध्य प्रदेश आणि ओरिसा ही पाच राज्ये त्यापुढे होती. विशेष हे की १९७५ मध्ये या राज्यांनी आपसांत बरेचसे करार करून टाकले आणि लवादाने १९८० च्या निवाड्यात ते मान्य केले. त्यांपैकी एका करारान्वये पैठण धरणाच्या वरचे सर्व पाणी वापरण्याचा हक्क महाराष्ट्राला मिळाला. पैठणच्या खाली पोचमपाडपर्यंतच्या भागात नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीची मर्यादा ठरली. नाशिक-मराठवाड्याचा वाद राज्यांतर्गत का आहे, याचे मूळ या करारात आहे.

करार असूनही पुढे तंटा झाला. नांदेड जिल्ह्याच्या धर्माबाद तालुक्यात महाराष्ट्राने बाभळीचा बंधारा बांधला. त्याचा साठा २.७४ टीएमसी. खालच्या पोचमपाड म्हणजे श्रीरामसागर धरणाचे पाणी यामुळे अडेल, या भीतीने आंध्र प्रदेश २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. महाराष्ट्राला बंधारा वापरण्यास मुभा मिळाली, पण अटी घालून. १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवावयाचे. दर वर्षी १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावयाचे. देखरेखीसाठी तीन जणांची समिती : एक केंद्रीय जल आयोगाचा आणि एकेक दोन्ही राज्यांचा. २०१४ मध्ये तेलंगण वेगळे झाल्यावर आंध्रची जागा तेलंगणने घेतली. व्यवस्था मात्र तीच राहिली, कारण ती कोणा मंत्र्याच्या शब्दावर नव्हे तर तारखांवर उभी आहे. २३ ऑगस्ट २०१६ रोजी महाराष्ट्र व तेलंगण यांनी मेडीगड्डा, तुम्मिडीहट्टी आणि चनाखा-कोराटा या बंधाऱ्यांच्या उंचीचे करारही कोर्टात न जाता मुंबईत बसून केले.

फरक्का आणि आपले गिऱ्हाईक

आता देशाबाहेर पाहू. बांगलादेश हे आपल्या कांद्याचे फार मोठे गिऱ्हाईक. मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, लासलगाव स्थानकातून कांद्याची गाडी थेट बांगलादेशातील दर्शना येथे गेली होती. दर्शना आहे चुआडांगा जिल्ह्यात. हा जिल्हा आणि शेजारचा कुश्तिया हे गंगेच्या पाण्यावर चालणाऱ्या गंगा-कोबाडाक सिंचन योजनेचे जिल्हे. गंगेला तिकडे पद्मा म्हणतात. बांगलादेशाचा स्वतःचा कांदाही पाबना, फरीदपूर, राजबाडी अशा पद्माकाठच्या जिल्ह्यांत मोठ्या प्रमाणावर पिकतो. तेव्हा गंगेचे पाणीवाटप हा आपल्या गिऱ्हाइकाच्या घरातला प्रश्न आहे.

कलकत्ता बंदरातला गाळ वाहून जावा म्हणून भारताने फरक्का येथे धरणवजा बंधारा बांधला. तो १९७५ मध्ये सुरू झाला, तेही ४१ दिवसांच्या तात्पुरत्या कराराने. त्यानंतरच्या वर्षी करार नसताना पाणी वळवले गेले आणि बांगलादेशाने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. १९७७ मध्ये पाच वर्षांचा करार झाला, पुढे तात्पुरते समझोते झाले, आणि १९८८ नंतर तब्बल आठ वर्षे कोणताही करार नव्हता. प्रत्येक उन्हाळ्यात तेच आरोप, तीच कटुता.

१२ डिसेंबर १९९६ रोजी पंतप्रधान एच. डी. देवेगौडा व शेख हसीना यांनी तीस वर्षांचा करार केला. त्याची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची. १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या हंगामाचे दहा-दहा दिवसांचे भाग पाडले गेले. फरक्क्याला पाणी ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मे-निम्मे. ७० ते ७५ हजारांच्या दरम्यान असेल तर बांगलादेशाला ३५ हजार आणि बाकीचे भारताला. ७५ हजारांच्या वर असेल तर भारताला ४० हजार आणि उरलेले सर्व बांगलादेशाला. ११ मार्च ते १० मे या सर्वांत टंचाईच्या काळात दोघांनाही आळीपाळीने दहा-दहा दिवस ३५ हजार क्युसेकची हमी. प्रवाह ५० हजारांच्या खाली गेला तर तातडीने एकत्र बसावयाचे. दोन्ही देशांची माणसे फरक्का येथे आणि बांगलादेशातील हार्डिंज पुलापाशी रोजचा प्रवाह मोजतात. ७० हजार क्युसेक म्हणजे दिवसाला सुमारे ६ टीएमसी. आपल्याकडे २०२३ मध्ये ज्या ८.६ टीएमसीवरून एवढा गदारोळ झाला, तेवढे पाणी म्हणजे त्या नदीचे दीड दिवसाचे पाणी. नदी कितीही मोठी असली तरी वाटणीचा पेच तोच असतो.

हा करार बांगलादेशाला पुरेसा वाटतो असे नाही. भारत-बांगलादेशमध्ये ५४ सामाईक नद्या आहेत. १९७२ पासून संयुक्त नदी आयोगही आहे. पण तीस्ता नदीचा करार २०११ मध्ये पश्चिम बंगाल सरकारच्या विरोधामुळे सहीच्या तोंडावर थांबला. दोन देशांच्या करारात नदीकाठच्या राज्याला बरोबर घेतले नाही तर काय होते, हे त्यावरून दिसते.

सिंधूचा करार आणखी जुना. १९ सप्टेंबर १९६० रोजी जागतिक बँकेच्या मध्यस्थीने तो झाला. रावी, बियास, सतलज भारताकडे आणि सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानकडे, अशी नद्यांचीच वाटणी झाली. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही तो मोडला नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने तो स्थगित ठेवत असल्याचे जाहीर केले. साडेसहा दशके टिकलेला कागदही शेवटी शेजाऱ्यांतील विश्वासावर उभा असतो, हे यातून कळते.

टिकाऊ कराराच्या चार खुणा

वरील उदाहरणे शेजारी-शेजारी ठेवली तर टिकणाऱ्या व्यवस्थेत चार गोष्टी आढळतात. पहिली, माप. दोघांना मान्य असा काटा असतो. आडतीत शेतकऱ्याचा विश्वास वजनकाट्यावर बसतो, तसाच नदीवर मोजणी केंद्रावर बसतो. दुसरी, तारीख : १ जुलै, १५ ऑक्टोबर, १ मार्च. तिसरी, कमी पडल्यास काय, याचे उत्तर आधीच लिहिलेले असते. नफ्याची वाटणी सगळेच लिहितात. तोट्याची वाटणी लिहून ठेवतो तोच शहाणा भागीदार. चौथी, कायमची बैठक, जेथे भांडण झाले तरी बोलणे चालू राहते.

पवित्र कुरआनच्या सूरह अल-बकरामध्ये उधारीचा व्यवहार मुदतीसह, साक्षीदारांसमोर लिहून ठेवण्याची ताकीद आहे. पाणी हीसुद्धा एक प्रकारची उधारीच आहे. वरच्याने ते काही काळ आपल्याकडे ठेवलेले असते.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्यांना चटकन पटेल. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. ऑक्टोबरमध्ये शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा, असे करण्याआधी थोडी सूचना दिली तर बरे, असे त्यांनी हसत-हसत सुनावले. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा तसेच झाले आणि माल सरहद्दीवर अडकला. गिऱ्हाइकाला पूर्वसूचना मिळाली नाही तर ते दुसरे दुकान शोधते. खालच्या शेजाऱ्याला पाण्याची पूर्वसूचना मिळाली नाही तर त्याला दुसरी नदी शोधता येत नाही. म्हणून पाण्यात पूर्वसूचनेचे मोल अधिक.

आपण काय करावे?

मोठ्या करारांत आपला आवाज कितीसा, असे कोणी म्हणेल. पण आपल्याच भागातील दाखले पाहावेत. बागलाण-साक्री भागात फड पद्धतीने कित्येक पिढ्या पाणी वाटून घेतले गेले. कमी पाण्याच्या वर्षी किती फड भिजवावयाचे ते गाव आधी ठरवी आणि तूट सर्वांवर सारखी पडे. आपल्या तालुक्यातील ओझरला वाघाड धरणाच्या लाभधारकांनी १९९० च्या दशकात पाणी वापर संस्था काढल्या आणि पाणी घनमापाने मोजून घेण्यास सुरुवात केली. शेवटच्या शेतापर्यंत पाणी जाऊ लागले ते मोजमापामुळे.

तेव्हा आमची सूचना अशी. १५ ऑक्टोबरचा जायकवाडीचा साठा आणि कालवा सल्लागार समितीचा आवर्तनाचा निर्णय दुकानात लिहून ठेवावा. आपल्या गिऱ्हाईक शेतकऱ्यांना पाणी वापर संस्थेत सामील होण्यास सांगावे. व्यापारी संघटनांनी पाण्याची मोजणी उघड व्हावी आणि सोडण्याची सूचना वेळेवर मिळावी, अशी मागणी करावी. ही मागणी वरच्याच्याही हिताची आहे आणि खालच्याच्याही.

दुष्काळाच्या वर्षी 'आमचे पाणी, तुमचे पाणी' अशा घोषणा उठतात. त्यांत आपण सामील होऊ नये. आपला माल पैठणलाही जातो, नांदेडलाही जातो आणि ढाक्यालाही जातो. आपला शेजारी कोरडा राहिला तर आपली बाजारपेठही फार दिवस हिरवी राहत नाही. वाटणीचा नियम भरल्या धरणाच्या वर्षी ठरवावा, म्हणजे रिकाम्या धरणाच्या वर्षी भांडावे लागत नाही.